कॅप्युलेटकडे कुणीच गेलं नाही

‘रोमिओ अँड ज्युलिएट’मधल्या पॅरिसचं, म्हणजे ज्युलिएटला मागणी घालणाऱ्या मुलाचं, स्थळ माझ्याकडे आलं असतं, तर त्याच दिवशी मी ते चार घरी पाठवलं असतं. घराणं मोठं, व्हेरोनाच्या प्रिन्सच्या नात्यातला मुलगा, दिसायला चांगला, बोलणं अदबीचं, आणि लग्नाची घाई त्याची त्यालाच आहे, आईवडिलांनी ढकललेला नाही. पत्रिका जुळते की नाही, ते नाटकात कुठे येत नाही. ग्रह आडवे आहेत असं सूत्रधार सुरुवातीलाच सांगतो, पण ते दुसऱ्या जोडीचे.

शेक्सपिअरचं हे नाटक मी असं वाचते. त्याला इलाज नाही. ठाण्याला नौपाड्यात माझं वधू-वर सूचक केंद्र आहे. केंद्र म्हणायचं आपलं. जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर एक खोली, सासूबाईंच्या हातच्या वह्यांनी भरलेलं एक कपाट आणि एक कॉम्प्युटर. सासूबाईंनी सुरू केलं, त्यांच्यानंतर मी चालवते. विवाह मंडळांचं नियमन आणि विवाहांची नोंदणी या दोन्ही गोष्टी महाराष्ट्रात १९९८च्या एकाच कायद्यात आहेत, त्यामुळे माझ्या भिंतीवर नोंदणीचा कागद फ्रेम करून लावलेला आहे. त्याच्याखाली बसून मी सल्ले देते. पैसे स्थळांचे घेते, सल्ला फुकट.

आणि म्हणूनच या नाटकात माझं लक्ष प्रेमिकांपेक्षा सल्ले देणाऱ्यांकडे जास्त जातं. रविवारी सकाळी भर रस्त्यातल्या मारामारीने नाटक सुरू होतं आणि तोच आठवडा संपायच्या आत थडग्यात संपतं. एवढ्या थोड्या दिवसांत त्या दोन पोरांना किती लोकांनी किती सांगावं! बेनव्होलिओ रोमिओला सांगतो, तिला विसर, दुसऱ्या मुली बघ, तुझा हंस तुला कावळा वाटायला लागेल. (हे रोझलाइनबद्दल, म्हणजे रोमिओच्या आधीच्या प्रेमाबद्दल. ज्युलिएट अजून भेटायची आहे. आणि सल्ला लागू पडतो, हे विशेष. पहिलीलाच बघायला म्हणून जातो आणि दुसरी दिसल्यावर खरंच तिला विसरतो.) मर्क्युशिओ म्हणतो, प्रेम तुला टोचतंय तर तूही प्रेमाला टोच. मित्रांचे सल्ले सगळीकडे असेच. आमच्या मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर संध्याकाळी थोडा वेळ बसलं तरी दोन्ही ऐकायला मिळतात.

मग ज्युलिएटची आई. ती म्हणते, लग्नाचं मनावर घे आता, तुझ्याहून लहान मुली व्हेरोनात आया झाल्यात, आणि मी तुझ्या वयाची होते तेव्हा तू झाली होतीस. ज्युलिएटला चौदा पूर्ण व्हायला दोन आठवड्यांहून थोडे जास्त दिवस आहेत. म्हणजे हिशेब केला तर या आईचं वय अठ्ठावीसच्या आसपास येतं. अठ्ठावीस! माझ्या कपाटातल्या निम्म्या मुली या वयाच्या आहेत, आणि त्यांच्या आया मला फोन करून सांगतात, ‘अहो, ती अजून मनानं लहान आहे.’

कॅप्युलेट मात्र, म्हणजे ज्युलिएटचे वडील, पहिल्या अंकात मला आवडतात. पॅरिस मागणी घालायला येतो तेव्हा ते म्हणतात, मुलगी लहान आहे, दोन उन्हाळे जाऊ देत. आणि पुढे म्हणतात, तू तिचं मन जिंक, माझी परवानगी ही तिच्या होकाराचा एक भाग आहे फक्त. या वाक्यासाठी मी त्यांना चहा पाजला असता. इतकं स्वच्छ बोलणारे वडील आजही माझ्याकडे रोज येत नाहीत. त्याच प्रवेशात ते असंही म्हणतात की आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना शांतता राखणं काही अवघड जाऊ नये. मॉन्टेग्यू घराण्याशी पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर आहे, कशावरून ते शेक्सपिअर सांगतच नाही, आणि या माणसाला ते वैर आता मिटलं तर हवंच आहे, असं दिसतं.

रात्री मेजवानीत तर कमालच. रोमिओ मुखवटा घालून आत शिरलाय हे टिबल्टला कळतं, तो तलवार मागवतो, आणि कॅप्युलेट त्याला दामटतात. म्हणतात, राहू दे त्याला, सभ्य वागतोय, आणि खरं सांगायचं तर अख्खं व्हेरोना त्याचं कौतुक करतं, गुणी आणि नीट वळणाचा मुलगा आहे. वैऱ्याच्या मुलाबद्दल मुलीचा बाप हे रविवारी रात्री बोलतो. भर मेजवानीत, स्वतःच्या भाच्याला गप्प करून बोलतो.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी इथे पेन्सिलीने रेघ मारली. कारण माझ्या धंद्यात याला ‘दार किलकिलं आहे’ म्हणतात. बाप समोरच्या पोराला चार लोकांत चांगलं म्हणाला, की दुसऱ्या दिवशी सकाळी मध्यस्थाने चप्पल घालून निघायचं असतं.

सोमवारी सकाळी निघायला हवं होतं ते फ्रायर लॉरेन्सने. तो धर्मगुरू. दोन्ही घरांत त्याला मान. शेवटी थडग्यापाशी सगळा घोटाळा उघड झाल्यावरसुद्धा प्रिन्स म्हणतो, आम्ही तुला नेहमी सज्जनच मानत आलो. एवढं वजन असलेला दुसरा माणूस त्या गावात नाही. पहाटे तो वनस्पती गोळा करत असताना रोमिओ येतो आणि म्हणतो, आजच लग्न लावून द्या. फ्रायर आधी रागावतो. काल रोझलाइनसाठी रडत होतास, आज ही? तरुण पोरांचं प्रेम मनात नसतं, डोळ्यांत असतं. मग म्हणतो, बरं, एका कारणासाठी मदत करतो, या लग्नाने तुमच्या दोन घरांचं वैर मिटेल. आणि प्रवेशाच्या शेवटी ते प्रसिद्ध वाक्य: सांभाळून, हळू, धावणारे ठेचकाळतात.

त्याच दुपारी तो त्यांचं लग्न लावतो. लावण्याआधी पुन्हा एक सल्ला देतो, तोही प्रसिद्धच. असल्या धडाडत्या सुखाचा अंतही धडाडत होतो, आग आणि दारूगोळा एकमेकांचं चुंबन घेता घेताच संपतात. मध अति झाला की नको होतो. म्हणून माफक प्रेम करा, टिकणारं प्रेम तसंच असतं. आणि लगेच पुढे म्हणतो की लग्न लागेपर्यंत मी तुम्हाला एकटं सोडणार नाही.

वर्गात या ओळी नीतिवचनासारख्या शिकवतात. वचन खोटं नाहीच. पण मला त्यात काही दम वाटत नाही. तेरा वर्षांची मुलगी आणि काल भेटलेला मुलगा यांना ‘हळू’ म्हणायला काय लागतं? शिवाय ज्युलिएटला ते आधीच माहीत आहे. बाल्कनीत तीच रोमिओला म्हणते की हे फार घाईचं आहे, फार अविचाराचं, विजेसारखं. ‘चमकली’ म्हणेपर्यंत संपते. चंद्राची शपथ घेऊ नकोस, तो रोज बदलतो, हेही तीच सांगते. आणि मग सरळ विचारते: तुझा इरादा लग्नाचा असेल तर उद्या निरोप पाठव, कुठे आणि किती वाजता. अख्ख्या नाटकात व्यवहाराचं एवढं नीट कुणी बोललेलं नाही. अशी मुलगी माझ्यासमोर खुर्चीत बसली असती तर मी तिला घाईबद्दल एक शब्द बोलले नसते. मी विचारलं असतं, ‘बाबांशी कुणी बोलायचं? तू, मी, की आणखी कुणी?’

हे फ्रायर विचारत नाही. कॅप्युलेटने आदल्या रात्री रोमिओचं कौतुक केलंय हे त्याला ठाऊक नाही, मान्य. पण विचारायलासुद्धा तो जात नाही. त्याचा सगळा सल्ला खालच्या बाजूला, पोरांकडे. वर, म्हाताऱ्यांकडे, एक शब्द नाही. वैर मिटवायचंय म्हणून लग्न लावलं, आणि ज्यांचं वैर त्यांच्यापासूनच ते लपवलं!

लपवल्याची किंमत त्याच दुपारी लागते. टिबल्ट रस्त्यात रोमिओला आव्हान देतो. रोमिओ लढत नाही, म्हणतो, तुला कारण कळेल तेव्हा कळेल, पण तू मला तुला वाटतं त्याहून जवळचा आहेस. एका तासापूर्वी तो त्याचा मेहुणा झालाय. कारण कुणालाच माहीत नाही, त्यामुळे मर्क्युशिओला हा भेकडपणा वाटतो. तो तलवार उपसतो आणि मरतो. मग रोमिओ टिबल्टला मारतो, हद्दपार होतो. ही मारामारी ‘तरुण रक्त’ म्हणून सोडून देतात लोक. अहो, चारचौघांत साखरपुडा झाला असता तर टिबल्टने मेहुण्यावर तलवार उगारण्याआधी निदान घरी विचारलं असतं.

यानंतर फ्रायर म्हणतो खरं, की रोमिओ, तू मान्टुआला जा, योग्य वेळ बघून आम्ही लग्न जाहीर करू, दोन्ही घरांची समजूत काढू, प्रिन्सची माफी मागू. ‘योग्य वेळ बघून.’ माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या तोंडी हे तीन शब्द इतके असतात. ताईचं लग्न होऊ दे, बाबांचं रिटायरमेंट होऊ दे, आजीचं वर्षश्राद्ध होऊ दे.

आणि वेळ चालून येते की! पॅरिस स्वतः फ्रायरच्या खोलीत येतो, गुरुवारी लग्न ठरलंय सांगायला. फ्रायर म्हणतो, फार घाई होतेय, मुलीचं मन तुला माहीत नाही म्हणतोस, मला हे आवडत नाही. समोर प्रिन्सचा नातलग उभा आहे, सभ्य आहे, ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत आहे. एक वाक्य पुरलं असतं: बाबा रे, तिचं लग्न झालंय. तो ते वाक्य स्वगतात गिळतो आणि पॅरिस गेल्यावर मुलीच्या हातात बाटली देतो. बेचाळीस तास मेल्यासारखी पडशील. पुढे जे होतं ते सगळ्यांना माहीत आहे. ती मेलेली नाही हे रोमिओला कळवणारं पत्र घेऊन मान्टुआला निघालेला फ्रायर जॉन साथीच्या संशयावरून एका घरात कोंडला जातो आणि पत्र पोचत नाही. लोक म्हणतात, नशीब. मी म्हणते, कॅप्युलेटचं घर चालत जाण्याच्या अंतरावर होतं, तिथे जायला पत्र लागत नव्हतं.

शेवटी तो बोलतो वडीलधाऱ्यांशी. थडग्यात, तीन प्रेतं समोर असताना. ‘थोडक्यात सांगतो’ म्हणून सुरुवात करतो आणि जवळजवळ चाळीस ओळी बोलतो.

मी हे इतक्या तावातावाने लिहितेय, कारण ते वर जाऊन बोलण्याचं काम मी केलेलं आहे. धंद्याचा भाग नाही तो. प्रेमविवाहात मला फी मिळत नाही, उलट दोन चांगले बायोडेटा कमी होतात. पण मुलं येतात. आईने नाव नोंदवलेलं असतं, मुलगी एक दिवस ऑफिसहून परस्पर येते, दार लोटते आणि म्हणते, ‘काकू, मला स्थळं पाठवू नका. एक आहे.’

एक मुलगी पाचपाखाडीची होती. मुलगा कळव्याचा. दोघं ऐरोलीला वेगवेगळ्या कंपन्यांत, ठाणे-वाशी लोकलमध्ये ओळख झालेली. जात वेगळी. तिने विचारलं, काय करू? मी म्हटलं, तू काही करू नकोस, आधी मला सांग, बाबा हात उचलतात का, कोंडून ठेवतील का, मोबाइल काढून घेतील का? हे मी दर वेळी विचारते, कारण सगळी घरं बोलण्यासारखी नसतात. जिथे जिवाची भीती असते तिथे मध्यस्थाचं शहाणपण चालवायचं नाही. तिथे वकील आणि पोलीस. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष कक्ष करा असं सांगितलेलं आहे, ते त्या पोरांना माहीत असलं पाहिजे. विशेष विवाह कायद्यात तीस दिवसांची नोटीस लागते, ती कार्यालयात लावली जाते, हेही. ज्या घरात बोलणं होऊ शकतं तिथे हे तीस दिवस उपयोगाचे असतात; ज्या घरात मारहाण आहे तिथे तेच तीस दिवस घात करतात. कायदा करणाऱ्यांनी दुसऱ्या घराचा विचार कमी केला असं माझं मत आहे.

या मुलीच्या घरी तसं काही नव्हतं. बाबा वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून निवृत्त झालेले, अबोल. मी रविवारी सकाळी गेले. मुलाचं कौतुक अजिबात केलं नाही. (नवीन मध्यस्थांसाठी: मुलाचं कौतुक करू नका. बाप लगेच वकील होतो.) पोहे आले, चहा आला. मी विचारलं, ‘तुम्हाला नेमकी कशाची काळजी वाटते?’ बराच वेळ काही नाही. पंख्याचं बटण कमी-जास्त करून झालं. मग म्हणाले, ‘दादाला काय सांगू?’

दादा म्हणजे डोंबिवलीचे थोरले भाऊ, वय सत्तरच्या पुढे. जात नव्हती आडवी, पगार नव्हता, कळवा नव्हतं. दादा होते. म्हणून मी डोंबिवलीला गेले. दादांना सहा महिन्यांपासून सगळं माहीत होतं, त्यांच्या नातवाने सांगितलेलं. त्यांचा राग एवढाच होता की धाकट्याने मला विश्वासात घेतलं नाही. दोन भाऊ एकमेकांना घाबरून गप्प बसलेले आणि मधे पोरगी वाळतेय.

प्रत्येक वेळी दादा भेटत नाहीत. घोडबंदरच्या एका घरात मला पाणी दिलं, माझं सगळं ऐकून घेतलं आणि नमस्कार करून दाराबाहेर घातलं. ती दोघं अजून थांबलेली आहेत. मी पुन्हा जाणार आहे, गणपतीनंतर.

आता ज्युलिएटला लहानपणापासून सांभाळणाऱ्या दाईबद्दल. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक कॉलेजात जाणारी मुलगी राहते, तिच्या कॉलेजात या नाटकाचे काही प्रवेश मराठीत बसवतायत आणि तिला दाईचं काम मिळालंय. दुपारी केंद्रात गर्दी नसते तेव्हा ती पाठांतराला येते, मी ज्युलिएट वाचते. (या वयात!) दाईची बदनामी फार झालेली आहे. शेक्सपिअरने ज्यावरून नाटक घेतलं ती आर्थर ब्रूकची १५६२ची दीर्घ कविता. तिच्या प्रस्तावनेत ब्रूक साफ लिहितो की या अभागी जोडप्याने आईबापांचा सल्ला झुगारला आणि दारुड्या बायका व अंधश्रद्ध फ्रायर यांच्याशी खलबतं केली म्हणून ही गत झाली. ब्रूककडे गोष्ट महिनोन्‌महिने चालते आणि ज्युलिएट सोळाच्या घरात आहे. शेक्सपिअरने महिन्यांचे दिवस केले, मुलगी तेराची केली, आणि ते प्रवचन काढून टाकलं. आईबापांचा सल्ला ऐकला असता तर काय, हेही त्याने दाखवून ठेवलं: तिसऱ्या अंकातला कॅप्युलेट.

टिबल्ट मेल्यावर हा गृहस्थ बदलतो. ‘मुलीचं मन जिंक’ म्हणणारा आता मुलीला न विचारता गुरुवार ठरवतो. सोमवार आहे, बुधवार फार लवकर होईल, गुरुवार बरा. घरात सुतक आहे तेव्हा पाच-सहा माणसांत उरकू. दुसऱ्या दिवशी वीस उत्तम आचारी बोलवायला माणूस पाठवतो आणि लग्न बुधवारवर आणतो. पाच-सहा माणसांना वीस आचारी! वधूपित्याचं हे गणित मी ओळखते. आणि ज्युलिएट नाही म्हणते तेव्हा: गळफास घे, भीक माग, उपाशी मर, रस्त्यावर मर.

इथे दाई मधे पडते. हे लोक विसरतात. बायको फक्त ‘तुम्ही फार तापलाय’ एवढं म्हणते, पण दाई, घरातली नोकर, मालकाला तोंडावर सांगते की धनी, तुमचं चुकतंय, तिला असं बोलू नका. सगळ्या नाटकात तापलेल्या बापाला असं उभं राहून सांगितलं ते तिने. त्यावर तो म्हणतो, गप्प बस, पुटपुटणारी मूर्ख, तुझं शहाणपण तुझ्या गप्पा मारणाऱ्या बायकांत पाजळ. तो निघून जातो, मागोमाग आईही. मग ज्युलिएट दाईला विचारते, काहीतरी सांग, दिलासा दे. आणि दाई सांगते, रोमिओ गेलाच आहे, तू पॅरिसशी लग्न कर. काय देखणा आहे तो, रोमिओ त्याच्यापुढे मसोतं!

ज्युलिएटचं आणि दाईचं तिथे तुटतं ते कायमचं. सगळे म्हणतात, दाईने दगा दिला. मला वाटतं, वर बोलून बघितलं, तिथे काय होतं ते कळलं, आणि मग तिने खालच्या बाजूला वळून जे सोपं होतं ते सांगितलं. तिची नोकरी त्या घरात आहे, म्हातारपण त्या घरात जायचंय.

वरच्या मजल्यावरच्या मुलीला हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘पण काकू, मसोत्यावर हशा आला पाहिजे असं सर म्हणतात.’ म्हटलं, येऊ दे की हशा. फक्त ते वाक्य ज्युलिएटकडे बघून म्हणू नकोस, कॅप्युलेट ज्या दारातून गेला त्या दाराकडे बघून म्हण, तो परत येईल अशा बेताने. तिने माझ्या केंद्राच्या दाराकडे बघून म्हणून पाहिलं. तेवढ्यात दारात एक आई बायोडेटा घेऊन उभी होती, ती दचकली. सरांना हे चालतंय का, ते शुक्रवारच्या तालमीत कळेल.